वरच्या खोलीतला आवाज

आर्नहेम, ९ नोव्हेंबर

मंजूषाताई,

तो आवाज तुझा होता. नाही म्हणू नकोस.

सोमवारी केंद्रात नर्सने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईने नाव सांगितलं नाही, फक्त दुभाषीचा नंबर सांगितला आणि मराठीत म्हणाली, "नमस्कार. तुम्ही जे बोलाल ते सगळं मी सांगेन. काही वगळणार नाही, काही घालणार नाही." सहा वर्षांत पहिल्यांदाच तू मला 'तुम्ही' म्हणालीस.

संहिताला दुभाषी कशाला लागली, असं तुझ्या मनात आलं असेल. ऑफिसात दिवसभर इंग्रजीतून भांडणारी पोरगी मी, माझ्याच भांडकुदळपणावर तू हसायचीस. पण त्या दिवशी माझं इंग्रजी गेलं. अक्षरशः गेलं. हाउसआर्ट्सच्या, नेहमीच्या डॉक्टरच्या, दवाखान्यात जाऊन उभी राहिले, काउंटरवरच्या बाईने नेहमीसारखं विचारलं, काय होतंय? मी तोंड उघडलं तर मराठीच आलं, तेही शाळेतल्या मुलीसारखं, "मला बरं वाटत नाहीये." तिला अर्थातच एक अक्षर कळलं नाही. इथला डॉक्टर पाय मोडला तरी पॅरासिटामोल देतो म्हणून आपण किती टिंगल केली आहे. त्या बाईने पॅरासिटामोल दिली नाही. माझ्या मनगटांकडे बघितलं, उठून दार लावलं, आणि स्वतः फोन करून मला केंद्रात पाठवलं. लैंगिक अत्याचार झालेल्या माणसांसाठी हॉस्पिटलातच असलेलं केंद्र. तुला ते सांगायला नको, तू तिथे फोनवरून रोजच जात असशील.

नर्सचं नाव मारलूस. उंच आहे, बोलते हळू. प्रत्येक गोष्टीआधी विचारायची. दंडाला हात लावू का? मानेवरून कापूस फिरवू का? आता थांबायचं आहे का? तिने डचमध्ये विचारायचं आणि टेबलावरच्या फोनमधून तू मराठीत विचारायचं. "आता त्या नखांखालून नमुना घेतील. चालेल ना?" रक्त घेतलं, गर्भ राहू नये म्हणून गोळी दिली, एचआयव्ही टाळायच्या महिनाभराच्या गोळ्या दिल्या, लस टोचली. शनिवारचे कपडे कागदी पिशवीत भरून घेतले. धुतले नव्हते हे बरं केलंत, असं तुझ्याच तोंडून ऐकलं. प्लॅस्टिकमध्ये घालू नका, कागदच लागतो, हेही.

आता जे सांगायला पत्र लिहिते आहे ते सांगते. दुभाषी 'ती म्हणते' असं म्हणत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला हलता येईना. तू डचमध्ये म्हणालीस, 'इक'. मी. मला हलता येईना. माझी दर गोष्ट तू 'इक' म्हणून सांगत होतीस, आणि मारलूस मान हलवत होती ती फोनकडे बघून. मी पलंगावर कागदी झगा घालून बसले होते आणि झालेलं सगळं फोनमधल्या बाईला झालं होतं.

मग मी थांबले. "नंतर मी घरी आले," म्हटलं आणि गप्प बसले. तू थांबली नाहीस. माझं बोलून झाल्यावरही तुझं डच चालू राहिलं. मला डच बेताचंच येतं, पण तेवढ्यापुरतं येतं. त्यात एक गोष्ट अशी होती जी मी सांगितलीच नव्हती. ती खरी होती. ती काय ते आज लिहवत नाही.

माणसाचं नाव मी मारलूसला सांगितलेलं नाही. तूही विचारलं नाहीस.

हे पत्र पोस्टाने तुझ्या घरी पाठवणं शक्य नाही, कारण घरी टपाल कोण उघडतं ते मला माहीत आहे. म्हणून तुमच्या गावी, वाखनिंगनला येऊन, लायब्ररीमागच्या गल्लीत तू पुस्तकांची देवाणघेवाण करायला लावलेलं ते काचेच्या दाराचं खोकं आहे ना, त्यात ठेवते आहे. माझ्या वाचून झालेल्या दिवाळी अंकात. त्या खोक्यातलं मराठी तुझ्याशिवाय कोण उघडणार?

मला तुझ्याकडून एकच हवंय. तुला काय माहीत आहे ते सांग.

संहिता

आर्नहेम, १४ नोव्हेंबर

ताई,

तुझा मेसेज आला. "अगं कुठला फोन? मी हल्ली फक्त कागदपत्रांची भाषांतरं करते. तुझा काहीतरी गैरसमज होतोय. तब्येत सांभाळ. दिवाळी अंक मिळाला, थँक्स."

दिवाळी अंक मिळाला. म्हणजे पत्र मिळालं. बरं झालं, त्याच्या हाती पडलं नाही.

मारलूसला विचारलं, ती दुभाषी कोण होती ते कळेल का? नाही म्हणाली, आम्हालाही नंबरच कळतो. मग म्हणाली, अशा दिवसांत कान दगा देतात, आपल्या माणसाचा आवाज कुठेही ऐकू येतो. ती माझ्या भल्याचंच बोलत होती. आणि ते खरंच आहे. बसमध्ये थांब्यांची नावं घेणारी बाई तुझ्या आवाजात बोलते. लिफ्टमधली बोलते. काल स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं तू मला सांगितलंस. मी कान झाकून उभी राहिले, आणि शेजारचा माणूस माझ्यापासून दोन पावलं सरकला.

म्हणजे मला वेड लागलंय किंवा तू खोटं बोलते आहेस. मला वेड लागणं परवडणार नाही, तेव्हा सगळं लिहूनच काढते. वाचून सांग कुठे चुकतंय.

फराळाचा तुझा डबा माझ्याकडे राहिला होता. स्टीलचा, झाकणावर तुझ्या आईचं नाव कोरलेला. डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून मी शेंगदाण्याच्या वड्या केल्या. त्या बिघडल्या, चिकट झाल्या, तरी भरल्या. एखादी डच मुलगी असती तर डबा दाराशी ठेवून, मेसेज टाकून सायकलवर बसली असती. मी बेल वाजवली. तुझ्या नवऱ्याने, दिलीपने, दार उघडलं. दादा लावत नाही आता. म्हणाला, "मंजू वर कामात आहे, येईलच खाली. अशी दारातून परत जाणार का? ती मला ओरडेल." मी हसले. बूट काढले, कोट काढला, मफलर काढून खुर्चीवर टाकला. त्या घरात मी शंभरदा जेवले आहे, ताई. बसले.

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने नळ सोडला. भांडं नव्हतं खाली, काही नव्हतं. नुसता पूर्ण सोडला आणि तसाच ठेवून बाहेर आला. मला वाटलं, विसरला. नळ चालू राहिलाय, असंही मी म्हटलं. पुढचं मारलूसला सांगितलं आहे तुझ्याच तोंडून, पुन्हा लिहीत नाही.

मी छताकडे बघत होते. पाणी पडत होतं. आणि छतातून बाईचा आवाज येत होता. हळू, एकसुरी, डचमध्ये. इक बेन बांग. मला भीती वाटते. मग काही न कळणारं, आणि पुन्हा, इक बेन बांग. मला वाटलं, हे माझंच मन बोलतंय. पण माझ्या मनाला डच कधीपासून यायला लागलं? आमच्या डचच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात ते वाक्य. भूक लागली, तहान लागली, भीती वाटते. मला नीट आठवतं, 'बांग' म्हणताना तो आवाज शेवटी किंचित वर जायचा, प्रश्न विचारल्यासारखा.

सोमवारी मारलूसने विचारलं, आत्ता कसं वाटतंय? मी म्हटलं, मला भीती वाटते. आणि फोनमधून तू म्हणालीस, इक बेन बांग. 'बांग' शेवटी वर गेला.

तू कुणासाठी तरी बोलत होतीस ना त्या शनिवारी, वर, कानाला ते हेडफोन लावून? कुणीतरी बाई कुठल्यातरी पोलीस चौकीत किंवा दवाखान्यात मराठीत रडत होती आणि तू तिचं सांगत होतीस. खाली मी होते.

आता ती गोष्ट लिहिते. मागच्या पत्रात लिहवली नव्हती.

नंतर त्याने नळ बंद केला. शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि म्हणाला, "चल, चहा टाकतो. आलं घालू ना?" चहा केला. मला कप दिला. मी प्यायले. सगळा प्यायले, ताई. साखर बरोबर आहे का, विचारलं त्याने, आणि मी म्हटलं, "हो दादा." मग उठून दोघांचे कप विसळून ठेवले. जागेवर ठेवले, तुझ्या त्या खिडकीतल्या स्टँडवर, उपडे. मग घरी आले. मफलर तिथेच राहिला.

त्या 'हो दादा'ची मला इतकी लाज वाटत होती की केंद्रात मी चहाचं नावच काढलं नाही. ठरवून गेले होते, मेले तरी सांगायचं नाही. आणि मी गप्प बसल्यावर तू डचमध्ये बोलतच राहिलीस, आणि त्यात 'टे' ऐकू आलं. चहा. मारलूसने काहीतरी विचारलं आणि तू मला मराठीत विचारलंस, "चहा पूर्ण प्यायलात का?"

मी फोनकडे बघत राहिले. फोनवरचा हिरवा दिवा लागला होता. कुणीतरी माझ्या घशात हात घालून ते काढून टेबलावर ठेवलं होतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मारलूस म्हणाली, शरीराला जे सवयीचं असतं ते ते करत राहतं. चहा प्यायला म्हणजे संमती दिली असं होत नाही. हे सांगताना तू अडकलीस. "चहा प्यायला म्हणजे" इथवर आलीस आणि गप्प झालीस. मारलूसने दोनदा हॅलो हॅलो केलं. मग तू उरलेलं वाक्य पुरं केलंस, पण आवाज निराळा झाला होता. तेव्हा तो सगळ्यात जास्त तुझा वाटला.

चहाचं तुला कुणी सांगितलं?

संहिता

आर्नहेम, २३ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. खोक्यातून पत्र मात्र नाहीसं झालं. त्या जागी कुणीतरी बागकामाचं डच पुस्तक ठेवलंय. मी ते पानं उलटून उलटून पाहिलं, चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, छान आहे ते पुस्तक. घेऊन आले घरी, काय करणार.

गोळ्यांनी मळमळतं. आल्याच्या वासाने जास्तच. ऑफिसात प्रतीक आलं किसून चहा करतो, बिचारा प्रेमाने विचारतो. परवा मी पॅन्ट्रीतून पळत बाहेर आले, तेव्हा मोसम बदलतोय म्हणून काढा घे म्हणाला. त्यातही आलं.

दर आठवड्याला मारलूसचा फोन येतो. झोप लागते का, जेवतेस का, कुणी सोबत आहे का? तिच्याशी आता इंग्रजीत बोलते, इंग्रजी आलं परत. गेलं होतं तसंच, न सांगता. मानसतज्ज्ञ बाई आहेत एक, त्या म्हणाल्या, हलता न येणं हा शरीराचा धर्म आहे, त्यात तुझा काही दोष नाही. मी मान डोलावली. त्यांच्यासमोर पटतं. खाली सायकल स्टँडवर येईपर्यंत टिकत नाही, मग पुन्हा पुढच्या वेळी जाते.

मंडळातल्या उत्तराचा फोन आला होता. महाराष्ट्र मंडळाच्या हिशेबाबद्दल बोलायला म्हणून. बोलता बोलता म्हणाली, "अगं, दिलीपदादा तुझी चौकशी करत होते. म्हणाले, संहिता दिसली नाही बरेच दिवसांत, मुलगी एकटी राहते, लक्ष ठेवा तिच्यावर." मी म्हटलं, उत्तरा, समजा दिलीपदादांबद्दल कुणी काही वाईट सांगितलं तर तुझा विश्वास बसेल का? ती हसली. "त्यांच्याबद्दल? शक्यच नाही. देवमाणूस आहे." झालं. मंडळात सगळे असेच हसतील. नवीन आलेल्या प्रत्येकाला घर शोधून देणारा, विमानतळावरून आणणारा माणूस. मलाही त्यानेच आणलं होतं.

पोलिसांशी बोलणं झालं. इथे आधी नुसतं बोलायचं असतं, ते सगळं समजावून सांगतात, मग तक्रार करायची की नाही ते आपण विचार करून ठरवायचं. चार डिसेंबरला मी काय ते सांगणार आहे. पोलीस बाई भली होती, उगीच आशा लावली नाही. म्हणाली, बंद घरात दोनच माणसं असली की पुढे जाणं अवघड होतं, अशक्य नाही. घरात आणखी कुणी होतं का? मी म्हटलं, माहीत नाही.

ते उत्तर तुझ्याकडे आहे. दोनच शक्यता आहेत, मी रात्रंदिवस त्याच चघळते आहे. एक तर त्या शनिवारी तू वर होतीस. खाली काय चाललंय ते तुला माहीत होतं, संध्याकाळी खाली येऊन तू स्टँडवर उपडे घातलेले दोन कप पाहिलेस. नाहीतर तो चहा तूही प्यायली आहेस. तुझ्याही बाबतीत आधी नळ सुटतो आणि नंतर साखर बरोबर आहे का ते विचारलं जातं.

यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते मलाच कळत नाही. पहिलं असेल तर मी तुझं तोंड बघणार नाही. दुसरं असेल तर...

पहिल्या वर्षी तू मला सायकल शिकवलीस ते आठवतं का, नदीच्या बांधावर? चिंचवडची पोर मी, स्कूटीशिवाय कशावर बसले नव्हते. तू मागून पळत होतीस, "धरलंय गं, धरलंय" ओरडत होतीस. बऱ्याच वेळाने मी मागे बघितलं तर तू कुठल्याकुठे लांब उभी होतीस, कमरेवर हात ठेवून हसत. मी लगेच पडले. तेव्हा मलाही हसू आलं होतं.

आता मला तुझा राग येतो. फार राग येतो. त्याचा येतो त्यापेक्षाही जास्त, आणि हे बरोबर नाही हे कळूनही येतो.

संहिता

आर्नहेम, १ डिसेंबर

ताई,

आज ऑफिसातून आले तर माझ्या दाराशी तुझा डबा.

पायपुसण्यावर मधोमध, झाकण घट्ट लावलेलं, तुझ्या आईचं नाव वर. त्याच डब्यातून मी वड्या नेल्या होत्या, तो तुमच्या जेवणाच्या टेबलावर राहिला होता. पहिला विचार आला, हा त्याने आणून ठेवला. तो इथे येऊन गेला, या जिन्यावर उभा राहून गेला. मी आत गेले नाही. खाली उतरून पहिल्या मजल्यावरच्या डच आजीबाईंची बेल वाजवली. त्यांनी सांगितलं, एक बाई आली होती, निळा रेनकोट, तुमच्याच देशाची. फार वेळ तुमच्या दारासमोर उभी होती. मी हाक मारली तर तिने ओठ हलवले, पण बोलली काहीच नाही.

मारलूसला फोन लावला, तो चालू ठेवला आणि मगच झाकण उघडलं.

आत कागदी पिशवी. तोंड दुमडून वर कपड्याला लावायचा चिमटा. पिशवीत माझा मफलर.

मी त्याला हात लावला नाही. वास मात्र आला. आल्याचा, आणि त्याचा. न धुतलेला. तू कपड्यांच्या बाबतीत कशी आहेस मला ठाऊक आहे, पाहुण्याचा रुमालही धुऊन इस्त्री करून परत देतेस. महिनाभर हा मफलर तू धुतला नाहीस. प्लॅस्टिकमध्ये घातला नाहीस. धुऊ नका, कागदच लागतो, हे तूच मला मराठीत सांगितलं होतंस.

माझे कान ठिकाणावर आहेत, ताई. मला वेड लागलेलं नाही. हे कळल्यावर मी पायपुसण्यावर बसून मोठ्याने रडले. मारलूसने फोन ठेवला नाही. पिशवी मी पोलिसांकडे दिली आहे.

डब्यात चिठ्ठी नव्हती. पण तू तो रिकामा परत केला नाहीस.

तू त्या घरात एकटी आहेस त्याच्याबरोबर, आणि मफलर नाहीसा झालेला त्याला कधीतरी कळेल. केंद्राचा नंबर तुला पाठ असणार. तो तुझ्यासाठीही आहे. हे तू कितीजणींना सांगितलं असशील, स्वतःला सांगितलंस का कधी?

संहिता

केंद्रातली बसायची खोली, ४ डिसेंबर

ताई,

तू दाराच्या आत आहेस, मी बाहेर. मारलूस बोलवेपर्यंत हे लिहिते आहे. हे पत्र खोक्यात ठेवायची गरज नाही, तुझ्या हातातच देईन. का लिहिते आहे मग? समोरासमोर मला हे बोलता येणार नाही म्हणून.

सकाळी मी पोलिसांना फोन करून सांगितलं, तक्रार करायची आहे. त्याचं नाव सांगितलं. आडनावासकट, पत्त्यासकट. हे तुझ्या फोनच्या आधी, हे लक्षात ठेव. तू येशील म्हणून मी ठरवलं नाही. उत्तरा हसेल, मंडळ हसेल, हसू देत.

मग तुझा फोन आला. अनोळखी नंबर, आणि बराच वेळ नुसता श्वास. मी ठेवणारच होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "संहिता, माझं डच गेलं गं."

मला आधी कळेचना. तू सांगितलंस, सकाळी तो कामाला गेल्यावर तू बस पकडून इथे आलीस. काउंटरसमोर उभी राहिलीस. जे वाक्य तू इतक्या बायकांसाठी बोललीस ते स्वतःसाठी बोलायला तोंड उघडलंस आणि काहीच आलं नाही. डच नाही, इंग्रजी नाही. "मराठीच येतंय," तू म्हणालीस, "आणि इथे मराठी कुणाला कळत नाही. तू येशील का?"

मी विचारलं, "वर होतीस की तुझ्यावरही?"

तू म्हणालीस, "दोन्ही."

आणि मग, मी विचारलं नसताना, "खालचा नळ सोडला की वरच्या खोलीत भिंतीतला पाइप गुणगुणतो. त्या दिवशी पाइप वाजत होता. मी कानातला आवाज वाढवला."

मी फोन बंद केला.

खरं सांगते, मी येणार नव्हते. स्वयंपाकघरात उभी राहिले, माझ्याच घरचा नळ सोडला आणि भिंतीला कान लावला. आमच्याकडेही गुणगुणतो, बारीक. कानातला आवाज वाढवून तू त्या रडणाऱ्या बाईचं 'मला भीती वाटते' डचमध्ये म्हणत बसलीस. खाली मी होते हे माहीत असून. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही, आजीबाई काठीने छत ठोकेपर्यंत. नळ बंद केला. कोट घातला. बसमध्ये बसले. सगळ्या थांब्यांची नावं बसमधल्या बाईने तिच्याच आवाजात घेतली, कुणा डच बाईच्या. तुझा आवाज कुठे नव्हता.

इथे आले तर तू खुर्चीच्या कडेवर बसलेली, निळा रेनकोट अंगातच. माझ्याकडे बघितलं नाहीस. मारलूस मला बाजूला घेऊन म्हणाली, आम्ही दुभाषी मागवली होती, पण मराठीसाठी दुभाषी संस्थेकडे एकच बाई आहे आणि ती आज फोन उचलत नाहीये. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता.

मारलूसला मी काही सांगितलं नाही. ते तू सांग.

हिंदी दुभाषी चालेल का, विचारलं तर तू मान हलवलीस, नको. तेव्हा मारलूस म्हणाली, पोलिसांसमोरच्या जबाबाला दुभाषी म्हणून मी चालणार नाही, कारण माझीही तक्रार आहे, तिथे दुसरं कुणीतरी शोधतील. पण आज फक्त तपासायचं आहे, औषधं द्यायची आहेत, काय दुखतंय ते विचारायचं आहे. तेवढ्यापुरती मी चालेन, तुझी आणि माझी दोघींची हरकत नसेल तर. तू माझा हात धरलास. जोरात धरलास, अजून बोटं दुखताहेत.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही. हा हात त्यासाठी दिला नाही. तुझी तपासणी व्हावी, तू आज त्या घरी परत जाऊ नयेस, एवढ्यासाठी दिला. झोपायला माझ्याकडे ये. सोफा आहे. चहा नाहीये घरात, कॉफी आहे.

आणि एक ऐक. आत इंग्रजीत सांगताना मी 'ती म्हणते' असं म्हणणार नाही. तू माझ्यासाठी म्हणालीस तसंच 'मी' म्हणेन. मारलूस माझ्याकडे बघून मान हलवेल, हलवू दे. तुझ्यावर आजवर जे झालं ते मी 'मी' म्हणून सांगेन. पाइपचं वाक्य आलं तर तेही. मी आवाज वाढवला, असंच म्हणेन. तुझ्यासाठी ते मऊ करणार नाही, आणि माझ्या रागापायी कडकही करणार नाही. फक्त तू थांबलीस की मी थांबेन. तू न बोललेलं माझ्या तोंडून येणार नाही.

दार उघडलं. मारलूस बोलावते आहे.

चला, मंजूषाताई. तुम्ही जे बोलाल ते सगळं मी सांगेन. काही वगळणार नाही, काही घालणार नाही.

संहिता